निनावी अर्जाची दखल घेतली जाणार नाही

पोरीला फळ्यावरचं दिसत नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यावर तरी आमच्याइतकं मूर्ख ठरायची वेळ येणार नाही. आमची संघप्रिया, घरात पिंकी, वय तेरा, इयत्ता आठवी. जूनपासून जानेवारीपर्यंत ती वर्गात बसून धुरकट फळ्याकडे बघत होती, आणि त्याच काळात आमच्या घरात सुसंवाद जोरात चालू होता.

सुसंवाद हा शब्द आमच्याकडे जुलैत आला. शाळेनं पालकांचं शिबिर ठेवलं होतं. बाहेरगावाहून एक समुपदेशक आले आणि दोन तास बोलले. या वयात मुलं बोलत नाहीत, त्यांना बोलतं करा, त्यांचे मित्र व्हा, मन मोकळं करायला घरात त्यांना हक्काची जागा द्या, असं सगळं. बाकीच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या, चहा-बिस्किट घेतलं आणि घरी जाऊन सगळं विसरले. त्यांची पोरं सुखात आहेत. आमचे हे मात्र पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते.

आमचे हे म्हणजे सिद्धोधन. जिंतूरला एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकोणीस वर्षं आहेत. कागद आला की शिक्का, क्रमांक, तारीख, शेरा, आणि कागद पुढे. माणूस वाईट नाही. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर आवाज चढवणं नाही. फक्त कागदावर नसलेली गोष्ट त्यांना ऐकू येत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी मी लिहून दिल्याशिवाय त्यांना कळेल की नाही, याची मला शंका असते.

तर समुपदेशकांनी सांगितली ‘हक्काची जागा’, आणि यांनी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पेटी करून आणली. पांढरा रंग, वर फट, पुढे कुलूप. लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘तक्रार व सूचना पेटी. आपले नाव गोपनीय ठेवण्यात येईल. पेटी दर शनिवारी उघडण्यात येईल.’ घरात माणसं तीन. त्यातला एक पेटी उघडणार आणि दुसरी मी, जिला तक्रारीसाठी कधी पेटी लागलीच नाही. तरी मेणबत्ती लावून उद्घाटन झालं, पेढे वाटले, पिंकीच्या हातून फीत कापली. पेटीजवळ एक नवं रजिस्टरही ठेवलं. यांनी पिंकीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “आजपासून मी तुझा मित्र. काय असंल ते बिनधास्त लिवून टाक.”

“पप्पा, लिवून कशाला? तुमी हितंच तर हाव,” पिंकी म्हणाली.

“तोंडी गोष्टीला पुरावा नसतो,” मित्र म्हणाले.

पहिले काही शनिवार मजेत गेले, हे कबूल केलं पाहिजे. पिंकी खट्याळ आहे. तिनं पहिला अर्ज टाकला, ‘विषय : भेंडीची भाजी आठवड्यातून एकदाच करण्याबाबत.’ यांनी तो नोंदवला आणि ‘मागणी रास्त दिसते. सौ. सुकेशनी यांच्याकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून माझ्याकडे पाठवला. पाठवला म्हणजे ओट्यावर ठेवला. मी त्याच कागदावर भेंडी चिरली. दुसरा अर्ज होता, ‘मी अभ्यासाला बसलेली असताना दार वाजवून आत येण्याबाबत.’ त्यावर शेरा : ‘प्रकरण विचाराधीन.’ ते अजूनही विचाराधीनच आहे. तिसऱ्यात तिनं शाळेच्या सहलीला जाऊ द्या म्हणून लिहिलं होतं, त्याला सहीची जागा चुकली म्हणून त्रुटी लागली. त्रुटी पूर्ण होईपर्यंत सहल जाऊन आली.

मी हसत होते. मला वाटायचं, बापलेकीचा खेळ चाललाय, चालू दे. मी अंगणवाडी सेविका. त्रेपन्न पोरांची उंची, वजन, दंडाचा घेर दर महिन्याला मोबाईलमध्ये भरते. कुणाचं पोर सुकलंय, कुणाचा कान फुटून वाहतोय, मला लांबून कळतं, आणि गावात माझी तशी ख्याती आहे. त्यामुळे माझ्या घरातलं पोर माझ्या नजरेतून सुटेल असं कुणालाच वाटलं नसतं. मला तर मुळीच नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी यांनी पेटी उघडली, आतून एक घडी केलेला कागद काढला, उलटसुलट करून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“एक आलाय. पण निनावी हाय.”

“मंग वाचा की,” मी म्हणाले.

“निनावी अर्जाची दखल घेत नसतेत. नाव न्हाई म्हणल्यावर पुढचं वाचायचंबी नसतं.”

“अहो, मी टाकला न्हाई. तुमी टाकला न्हाई. घरात पोरगी एक. मंग कुणाचा असंल?”

“तसा अंदाज लावून चालत न्हाई, सुकेशनी. अंदाजावर कारवाई केली की मानूस अडकतो.”

पिंकी तिथंच जमिनीवर बसून वहीत लिहीत होती, नाक वहीला टेकवून. ती मान वर न करता म्हणाली, “पेटीवर तर लिवलंय, नाव गोपनीय ठेवनार म्हनून.”

“गोपनीय आमी ठेवनार, तुमी न्हाई,” यांनी तिला समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं. “आदी नाव द्यायचं, मंग आमी ते गोपनीय ठेवतो. नावच दिलं न्हाई तर आमी ठेवावं काय?”

पिंकीनं वही मिटली आणि आत गेली. यांनी कागदावर ‘निनावी. दप्तरी दाखल’ असं लिहून तो फायलीत लावला. त्या कागदावर दोन ओळी होत्या. ‘मला फळ्यावरचं दिसत नाही. पहिल्या बाकावर बसले तरी दिसत नाही. काय करू?’ हे मला पाच महिन्यांनी कळलं. फाईल मात्र पाचही महिने फळीवर होती आणि दर रविवारी मी तिच्यावरची धूळ झटकत होते. उघडून बघायला कुलूप नव्हतं, बंदी नव्हती. मला वाटलं, भेंडीच असेल.

त्यानंतर पिंकीनं पेटीत काही टाकलं नाही. यांनी दोन शनिवार रिकामी पेटी बघितली आणि समाधानानं रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तक्रारी निरंक.’ कचेरीत चहाच्या वेळी सांगितलंसुद्धा, की घरात असा प्रयोग केला आणि दोन महिन्यांत तक्रारी शून्यावर आल्या. तिथल्या एकानं पेटीचं माप मागून घेतलं.

घरात तक्रारी निरंक, तर बाहेर सुरू झाल्या. पहिली आणली दत्तरावांनी. हे आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. गल्लीत कोण कधी गेलं, कोण कधी आलं, याचं हजेरीपत्रक त्यांच्या डोक्यात असतं. “तुमची पोरगी लय माजली बरं का,” ते मला रस्त्यात थांबवून म्हणाले. “समोरून गेली तर ओळखबी दाखवत न्हाई. म्या हात केला तर माझ्याकडं बगून सरळ फुडं गेली.” मी घरी येऊन पिंकीला झापलं. ती म्हणाली, “मम्मी, मला दिसलेच न्हाईत ते.” मी म्हणाले, “एवढा धोतरातला मानूस दिसला न्हाई? खोटं तरी नीट बोल.” बघा, पोरीनं तोंडानं सांगितलं होतं. कागदसुद्धा लागला नव्हता.

दुसरी तक्रार जास्त नाजूक होती. शेजारणीनं कानाशी येऊन सांगितलं की पिंकी शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहून पोरांकडे डोळे बारीक करून टक लावून बघते. मी रात्रभर तळमळले नाही, पण दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर तपासलं. एकही चिठ्ठी सापडली नाही, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली. इतकं सफाईनं लपवते म्हणजे प्रकरण पुढे गेलंय! बिचारी लांबून येणाऱ्यांत आपली मैत्रीण कोणती, ते ओळखायचा प्रयत्न करत होती.

मग सहामाहीचा निकाल आला. गणितात ऐंशीपैकी एकवीस. सातवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचात असलेली पोरगी! तिची वही बघितली तर गणितं बरोबर सोडवलेली, पण गणितंच दुसरी. फळ्यावर आठ असला की हिच्या वहीत तीन, सहा असला की शून्य. गुरुजींनी प्रत्येक पानावर लाल शाईत ‘लक्ष नाही’ लिहिलं होतं. आम्ही दोघांनी ती वही घेऊन गंभीर चर्चा केली आणि आमच्या एकत्रित बुद्धीनं असा निष्कर्ष काढला की मोबाईल आणि मुलगा, या दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही.

यांनी सुसंवादाची बैठक बोलावली. पिंकी समोर पाटावर, हे खुर्चीवर, हातात मुद्द्यांचा कागद. शिबिरातल्या वहीतून उतरवून काढला होता.

“मुद्दा एक. मी तुझ्यावर रागावलेलो न्हाई,” यांनी रागानं वाचलं. “मुद्दा दोन. तुझं म्हननं मला ऐकून घ्यायचंय. मुद्दा तीन. जूनपासून तुला निवासी शाळेत टाकनार. नववी-दहावी तिकडंच. मोबाईल न्हाई, टीव्ही न्हाई, सुट्टी वर्षातून दोनदा. मी चौकशी केलीय. काई म्हननं असलं तर सांग.”

पिंकी यांच्या तोंडाकडे बघत बसली. डोळे तसेच बारीक केलेले. “अशी डोळे रोखून बगू नको,” हे म्हणाले. तिनं मान खाली घातली. खालच्या पाटावर पाण्याचे दोन थेंब पडले, ते मी बघितले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून मी काय केलं, तर तिला आवडतात म्हणून धपाटे थापले. ती न खाता झोपली. धपाटे आम्ही दोघांनी खाल्ले.

जानेवारीत निवासी शाळेचा प्रवेशअर्ज आला. दुसरा कुणी बाप असता तर अर्जाला जोडायचं वैद्यकीय प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून बसल्या जागी लिहून घेतलं असतं. आमच्या यांना ते पटणार नाही. अर्जात ‘दृष्टी’ असा रकाना होता, म्हणजे दृष्टी तपासूनच तो भरला पाहिजे. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरचाच शिक्का हवा, आणि तोसुद्धा परभणीचा. यांच्या याच स्वभावापायी पोरीचे पाच महिने गेले होते, आणि त्याच स्वभावानं तिला वाचवलं. त्यामुळे मला धड रागावताही येत नाही.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं परभणीला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या. पिंकीला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवर काठी टेकवून म्हणाल्या, “वाच बाळ.”

पिंकीनं ताठ बसून खणखणीत आवाजात सुरुवात केली, “ई. एफ, पी. टी, ओ, झेड...”

हे माझ्याकडे बघून हसले. पोरीचं इंग्रजी चांगलं आहे, असं त्या हसण्यात होतं.

डॉक्टरीणबाईंनी काठी खाली घेतली. “बाळ,” त्या हळू म्हणाल्या, “हा तक्ता मराठी आहे.”

मी तक्त्याकडे बघितलं. वर हाताएवढा मोठा ‘च’ होता. माझ्या चाळीस वर्षांच्या डोळ्यांना तो दारातून दिसत होता, आणि माझ्या पोरीला खुर्चीतून दिसला नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. शाळेत डोळे तपासायला पथक आलं होतं, तेव्हा ही मुद्दाम रांगेत शेवटी उभी राहिली. पुढच्या चाळीस पोरींनी वाचलेलं ऐकून ऐकून सगळा इंग्रजी तक्ता पाठ केला आणि खुर्चीत बसून म्हणून दाखवला. पाठांतर तिचं पहिल्यापासून चांगलं. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तपासलं. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन.

“किती दिवसांपासून दिसत नाही तुला?”

“पावसाळ्यापासून जास्त.”

“घरी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं. पप्पाच्या पेटीत अर्ज टाकला होता. पर निनावी होता,” पिंकी म्हणाली. आवाजात राग नव्हता. चूक आपलीच, नाव राहिलं, अशा आवाजात सांगत होती.

डॉक्टरीणबाईंना काही समजलं नाही. त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते, जणू त्यांचीच तपासणी चालू होती.

मला मात्र राग आला. खरं सांगते, मला आतून बरंसुद्धा वाटलं. चला, चूक यांची निघाली. पेटी यांची, नियम यांचे. मी तावातावानं पिंकीचा हात धरला आणि म्हणाले, “अगं, पप्पाचं जाऊ दे. ते तसलेच हायेत. मला कामून न्हाई सांगितलंस? मी आई हाय ना तुझी? माज्यापाशी काय पेटी हाय का?”

पिंकीनं हात सोडवून घेतला.

“पप्पा म्हनले होते चष्मा लागला की मोबाईल बंद. त्याचं काई न्हाई एवढं,” ती म्हणाली. “पर तूच मावशीला फोनवर म्हनत होतीस ना, राजेश्रीताईला एवढा जाड चष्मा, पोरगी कितीबी शिकली तरी कोन करून घेनार? आंधळी गळ्यात बांधून घेतली म्हनतेल लोक. तू हसत होतीस, मम्मी.”

बोलले होते. माझ्या बहिणीची राजेश्री बी. एस्सी. झाली, तिला बघायला आलेले लोक नकार देऊन गेले, त्या दिवशी मी पोळ्या लाटत, फोन खांद्याला धरून बोलले होते. पिंकी तिथेच अभ्यास करत होती. मुलं आपलं ऐकत नाहीत, अशी मी शिबिरात सगळ्यांसमोर तक्रार केली होती. ऐकत होती की! एक शब्द खाली पडू दिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी प्रमाणपत्र लिहिलं आणि वर म्हणाल्या, “नंबर वाढत राहील, दर सहा महिन्यांनी दाखवा. आणि तिला ओरडू नका.” आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी ओळखलं असणार की आम्ही त्यातले आहोत.

चष्मा दुपारी तयार झाला. पिंकीनं दुकानातल्या आरशात एकदा बघितलं, नाकावर नीट बसवला आणि बाहेर रस्त्यावर येऊन तशीच उभी राहिली. समोरच्या झाडाकडे बघत होती. “पानं सुटी सुटी हायेत,” ती म्हणाली. मग आम्ही बसस्टँडवर आलो आणि जिंतूरची गाडी धरली. पिंकी खिडकीशी, मी मधे, हे कडेला. पिशवीत तो प्रवेशअर्ज आणि त्याला जोडायचं प्रमाणपत्र, दृष्टीचा रकाना भरलेला.

पोरगी वाचत सुटली. खताच्या दुकानाची पाटी, रसवंतीची पाटी, भिंतीवरची सिमेंटची जाहिरात, मैलाच्या दगडावरचे आकडे, पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं, सगळं मोठ्यानं. कित्येक महिन्यांत तिनं घरात एवढे शब्द उच्चारले नव्हते. झरी गाव मागे पडलं तेव्हा यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता मुद्दा एक येणार. मी कोपर उचलून तयार ठेवलं होतं.

“पिंकी,” हे म्हणाले, “तुला जायचं का त्या शाळेत?”

पिंकीनं वाचणं थांबवलं. “पप्पा, तुमी इचारायलाव का सांगायलाव?”

हा प्रश्न त्यांना कधी कुणी घातला नसावा. “इचारायलोय,” ते म्हणाले.

“मंग न्हाई.”

“बरं.”

झालं. शिबिर, वही, पेटी, रजिस्टर, बैठक, एवढा सगळा कारभार करून जे जमलं नव्हतं, ते झरी ते बोरीच्या मधे चार शब्दांत उरकलं. यांनी अर्ज पिशवीतून काढला आणि चौघडी करून खिशात घातला. फाडला नाही. सरकारी माणूस कागद फाडत नाही.

यांचं उरकलं, माझं राहिलं होतं. मला यांचा हेवा वाटला. त्यांच्या चुकीला निदान कागद होता, तो घडी करून खिशात घालता येत होता. मी काय घालू? राजेश्रीबद्दल बोलले ते चुकलं, एवढं म्हणायला माझी जीभ उचलेना. त्रेपन्न पोरांच्या आयांना मी बिनदिक्कत चार शब्द सुनावते. पोटच्या पोरीला दोनच म्हणायचे होते. म्हणून मी सगळ्या आया करतात तेच केलं, तिच्या केसांची बट कानामागे सारली आणि गोड आवाजात म्हणाले, “चष्मा छान दिसायलाय गं तुला.”

पिंकी खिडकीकडून वळली. तिनं माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत निवांत बघितलं. डोळे बारीक न करता.

“मम्मी,” ती म्हणाली, “आता मला तुझं तोंड नीट दिसायलंय बरं का.”

माझे डोळे भरून आले आणि ते पुसायलासुद्धा मला लाज वाटली. बोरीला गाडी थांबली, माणसं चढली, उतरली, कंडक्टरनं घंटी मारली. ती बघतच होती. मी तोंड फिरवलं नाही.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.